परत गेलेला नजराणा



तुकोबारायांची एक कथा तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. शिवरायांनी देहूला नजराणा धाडला. घोडा, मशाली, छत्री, जडजवाहीर. आणि तुकोबांनी तो जसाच्या तसा परत पाठवला. ही कथा सांगितली नाही असा कीर्तनकार महाराष्ट्रात सापडायचा नाही, आणि ती ऐकून मान डोलावली नाही असा श्रोताही नाही.

आज त्या कथेचा पुढचा भाग सांगतो. तो आपल्याकडं फारसा कुणी सांगत नाही, कारण तो घडला तमिळ मुलखात आणि त्यातला साधू तेलुगू बोलणारा. राजा मात्र आपलाच. आडनाव भोसले. तुकोबांनंतर सुमारे दीडशे वर्षांनी त्याच घराण्याच्या दुसऱ्या गादीवरून दुसऱ्या एका भक्ताच्या दारी नजराणा गेला, आणि तोही परत आला. त्या भक्ताचं नाव त्यागराज. दक्षिणेत त्यांना त्यागब्रह्म म्हणतात, त्यागराजस्वामी म्हणतात. तिकडची गायनकला ज्याला कर्नाटक संगीत म्हणतात, त्यातलं सगळ्यात मोठं नाव त्यांचं.

आता मराठी राजा तमिळ देशात कसा, हे आधी सांगितलं पाहिजे. शहाजीराजांना जिजाऊसाहेबांच्या पोटी शिवराय, आणि तुकाबाईसाहेबांच्या पोटी व्यंकोजीराजे. या व्यंकोजींनी, ज्यांना एकोजी म्हणतात, १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं. तिथून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशे ऐंशी वर्षं, कावेरीकाठी भोसल्यांचं राज्य होतं. राजवाड्यात मराठी, दफ्तरात मोडी, देवळात तमिळ, गाण्यात तेलुगू, आणि संस्कृत सगळीकडं. इतक्या भाषा एका गावात नांदल्या.

राजांच्या मागोमाग आपले रामदासीही गेले. समर्थांचा जन्म कुठला? जांबचा. आपल्या मानवतपासून जांब काही लांब नाही, तुमच्यापैकी कितीतरी जण रामनवमीला तिथं जाऊन आले असाल. त्या जांबच्या ठोसरांच्या पोराचे शिष्य पार तंजावरला मठ करून राहिले. भीमस्वामी तंजावरात, अनंतमौनी मन्नारगुडीला. रामनवमी, हनुमंत, कीर्तन, भिक्षा, हे सगळं मराठीतून तिकडं चालू झालं. त्यागराज ज्या हवेत वाढले त्या हवेत आपल्या कीर्तनाचा आवाज होता. तो त्यांच्या कानी पडला नसेल असं मला तरी वाटत नाही.

त्यांचा जन्म १७६७ चा, तिरुवारूरचा. तिरुवारूरला शंकराचं फार मोठं देऊळ आहे आणि तिथल्या देवाचं नावच त्यागराज. म्हणजे नाव शंकराचं आणि जन्मभर भक्ती रामाची. आपल्याकडं हरिहरांत भेद नाही म्हणतो, ते तिथं एका माणसाच्या नावातच उतरलं. वडील रामब्रह्म, आई सीताम्मा. वडील रामायणाचं निरूपण करणारे. म्हणजे आमच्याच धंद्यातले म्हणा ना. त्याच तिरुवारूरला पाच वर्षं आधी, १७६२ ला, श्यामशास्त्री जन्मले आणि आठ वर्षांनी, १७७५ ला, मुथुस्वामी दीक्षितर. हे तिघे म्हणजे कर्नाटक संगीताची त्रिमूर्ती. तिघेही एका गावात, तेरा वर्षांच्या आत जन्मले, आणि तिघेही भोसल्यांच्या मुलखात. आपल्या किती जणांना हे माहीत असतं?

पुढं घर तिरुवैयारूला आलं. तिरुवैयारू म्हणजे पाच पवित्र नद्यांचं गाव. तंजावरहून तेरा किलोमीटर, कावेरीच्या काठी. तुळजाराजे भोसल्यांनी रामब्रह्मांना तिथं घर दिलं असं परंपरा सांगते. हे घर ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

त्या काळी तो मुलूख सुखात नव्हता. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबानं तंजावर घेतलं, तीन वर्षं राजा कैदेत. राज्य परत मिळालं तोवर कंपनी सरकारचा पाय आत आला होता. १७८१ मध्ये हैदरअलीची फौज आली, शेतं जाळली, कालवे फोडले, माणसं पळून गेली. त्यागराज तेव्हा चौदा वर्षांचे. नंतर अमरसिंह आणि सरफोजी यांचा गादीसाठी तंटा. १७९८ ला सरफोजीराजे गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी, १७९९ ला, राज्याचा कारभार कंपनीकडं गेला. राजाकडं किल्ला आणि तनखा तेवढा उरला. मी हे अशासाठी सांगतो की संतांच्या कथा ऐकताना आपल्याला वाटतं, तो काळच वेगळा होता, सगळीकडं देवधर्म आणि दूधतूप. तसं नसतं हो. तुकोबांच्या वेळी दुष्काळानं घरातली माणसं नेली. त्यागराजांच्या पोरवयात घोड्यांच्या टापांनी भाताची खाचरं तुडवली गेली. ज्याला उद्याच्या तांदळाची खात्री नाही, त्याच्या दारात नजराणा आला होता.

त्यांचे संगीतातले गुरू सोंटी वेंकटरमणय्या, दरबारचे गवई. गायन पक्कं झालं. पण गायनाआधी त्यांनी नाम धरलं. सांगतात की एका साधूच्या सांगण्यावरून त्यांनी रामनामाचा शहाण्णव कोटी जप केला, एकवीस वर्षांत. हिशेब करून पाहा, रोजचा सव्वा लाख पडतो. आपल्याकडं समर्थांनी टाकळीला गोदावरीच्या पाण्यात उभं राहून त्रयोदशाक्षरीचे तेरा कोटी केले, ती परंपरा तुम्हाला ठाऊक आहेच. नामाचे आकडे मोजायचे नसतात असं काही जण म्हणतात. मी म्हणतो, ज्यानं खरंच केले त्याला मोजू द्या.

आणि पोट? पोटासाठी उंछवृत्ती. हा शब्द आपल्याकडं फार वापरात नाही, आपण माधुकरी म्हणतो. सकाळी स्नान करून, हातात तंबोरा आणि चिपळ्या घेऊन, रामाचं पद गात गल्लीतून जायचं. दारादारांतून बाया मूठभर तांदूळ घालणार. कुणाच्या दारात उभं राहून मागायचं नाही, गात पुढं जायचं. ज्या दिवशी जेवढं पडेल तेवढ्यात बायको, मुलगी आणि शिकायला घरी राहिलेले शिष्य, सगळ्यांचं जेवण. उद्याचं आज साठवायचं नाही. आपल्या गावात भल्या पहाटे वासुदेव यायचा, आता तो दिसत नाही, पण ज्यांनी पाहिलाय त्यांच्या डोळ्यापुढं चित्र उभं राहील. आज ज्यांची पदं गायला मोठमोठे कलावंत जन्म घालवतात, ती पदं त्यागराजांनी आधी तिरुवैयारूच्या गल्लीत, तांदळाच्या मुठीसाठी थांबत थांबत गायली.

आता नजराणा.

सरफोजीराजे हे काही लहान मनाचे राजे नव्हते. हे मुद्दाम सांगतो, कारण नकाराची कथा सांगताना कीर्तनकार राजाला खलनायक करून टाकतो, ते सोपं असतं. या राजानं सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. १८२० नंतर काशीयात्रेला गेले तेव्हा तिकडून पोथ्या आणल्या. तंजावरात देवनागरी छापखाना काढला, तोही १८०५ च्या सुमारास. धन्वंतरी महालात औषधोपचार चालवले, डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रं काढून ठेवल्या. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला, तो १८०३ चा. एवढा मोठा मराठी शिलालेख दुसरीकडं नाही. संगीताचा तर तो भोक्ताच होता. राज्य हातातून गेलेला राजा विद्या आणि कला तरी जपावी म्हणून झटत होता. अशा राजानं आपल्या मुलखातल्या सगळ्यात मोठ्या गायकाला दरबारात बोलावलं, यात त्याचं काय चुकलं?

परंपरा सांगते, राजाची माणसं मान, धन, जमीन घेऊन आली. अट एकच. दरबारात येऊन राजाची स्तुती गावी. त्यागराजांनी नाही म्हटलं. त्या वेळी त्यांनी कल्याणी रागात एक पद गायलं, 'निधि चाल सुखमा' या नावानं ते ओळखलं जातं. ते आपल्याच मनाला उद्देशून आहे. भाव असा की, मना, खरं सांग, सुख धनाच्या राशीत जास्त की रामाच्या चरणसेवेत? राजाला दूषण नाही. धनाला शिवी नाही. उपदेश दुसऱ्या कुणाला नाही. स्वतःच्या मनाला प्रश्न विचारलाय, आणि असा प्रश्न ज्याला पडला त्याच्या मनात धनाचा विचार क्षणभर तरी येऊन गेला असणारच. मला तिथं ते फार जवळचे वाटतात.

यातली खरी गोम पाहा. त्यागराजांच्या पूर्वजांत गणले जाणारे गिरिराज कवी भोसल्यांच्याच दरबारी होते, व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे यांच्या वेळी. गुरू दरबारी. आणि ते मघाचं घर, ज्यात बसून त्यागराज नाही म्हणाले, तेही भोसल्यांनीच दिलेलं. म्हणजे त्यांनी नाकारला तो राजा नव्हे, आणि राजानं दिलेलं दान एवढ्यानंच पाप होतं असंही नव्हे. त्यांनी अट नाकारली. रामासाठी तयार झालेला गळा माणसाच्या स्तुतीला लावायचा, ती अट. तुकोबांचं काय झालं? तिथंही राजा वाईट नव्हता. शिवराय तर शिवराय होते. दोन्ही ठिकाणी देणारा मोठा होता म्हणूनच घेणाऱ्याची परीक्षा अवघड होती. लबाडाचा पैसा परत करायला फार बळ लागत नाही, माउली. आदरानं, दोन्ही हातांनी दिलेला परत करून बघा.

आणि एक गोष्ट भोसल्यांच्या पदरात टाकू या. देहूचा साधू असो की तिरुवैयारूचा, नजराणा परत आला म्हणून राजानं सूड घेतल्याची कथा नाही. त्यागराज त्यानंतर कितीतरी वर्षं त्याच मुलखात, त्याच गल्लीत गात राहिले. त्यांनी एकूण चार मराठे राजे पाहिले. तुळजाराजे, अमरसिंह, सरफोजी आणि शेवटी दुसरे शिवाजी. ज्याला 'नाही' म्हणता येतं असा राजा असणं हेही त्या रयतेचं भाग्यच.

सूड घेतला तो घरातल्या माणसानं. थोरला भाऊ जपेश. एवढं धन दारातून परत गेलं हे त्याला सोसेना. घराच्या वाटण्या आधीच झाल्या होत्या. सांगतात की त्यानं त्यागराजांच्या पूजेतल्या राममूर्ती रात्री उचलल्या आणि कावेरीत टाकल्या. पुढं कितीतरी दिवस त्यागराज वेड्यासारखे नदीकाठी फिरत राहिले. रामाला विचारत राहिले की तू कुठं लपलास, म्हणून पदं करत राहिले. मग पाणी ओसरल्यावर वाळूत मूर्ती सापडल्या. आता तुकोबांच्या गाथेची इंद्रायणी आठवली की नाही? तिथं गाथा तरली, इथं राम वाळूतून वर आला. नदी बदलली. पण त्या भावाला मी फार बोल लावत नाही. घरात दाणा नाही आणि धाकटा राजाचं धन परत करतो, अशा घरात भाऊ म्हणून राहणं सोपं नाही. आवलीबाईंचा राग आपण समजून घेतो, मग जपेशाचा का नाही? मूर्ती टाकली ते वाईटच. राग मात्र माणसाचा होता.

आता आजचं बोलू. मागं एका गावाहून सप्ताहाच्या कीर्तनासाठी फोन आला. पहिला प्रश्न, "महाराज, तुमचं मानधन किती?" दुसरा प्रश्न, "साउंड तुमचा का आमचा?" कीर्तनाला अभंग कोणता, हे शेवटपर्यंत विचारलं नाही. मी त्या पोराला दोष देत नाही. त्याला दहा जणांकडून वर्गणी गोळा करायची असते, हिशेब द्यायचा असतो. आणि मीही हवा खाऊन जगत नाही. माझ्यासोबत मृदंगाचार्य येतो, पेटीवाला येतो, गाडीत डिझेल लागतं. मृदंगाचार्याच्या मुलीचं कॉलेज आहे. तो मला म्हणतो, "महाराज, त्यागराजांची कथा तुम्ही सांगा, पण पाकीट मला द्या." हसू नका, त्याचं बरोबर आहे.

मग कथेचा उपयोग काय? इथं त्यागराजांच्याच चरित्रातली दुसरी एक गोष्ट कामाला येते, ती सांगतो.

मद्रासजवळ कोवूर म्हणून गाव आहे. तिथले धनिक सुंदरेश मुदलियार यांनी त्यागराजांना आग्रहानं घरी नेलं, मोठा सत्कार केला. मुदलियारांची इच्छा होती आपल्यावर एखादं पद व्हावं. त्यागराज कोवूरच्या शिवमंदिरात गेले आणि पाच पदं केली, ती तिथल्या सुंदरेश्वरावर. ती कोवूर पंचरत्नं म्हणून आजही गातात. मुदलियारांना नाव सुंदरेशाचं मिळालं, पण पद मिळालं ते देवाला. निघताना मुदलियारांनी गुपचूप मोहरांची थैली पालखीत ठेवली आणि एका शिष्याच्या कानात सांगितलं, ही रामनवमीच्या उत्सवासाठी. वाटेत रानात चोरांनी गाठलं, दगडं मारायला लागले. शिष्य घाबरले. त्यागराज म्हणाले, अरे, आपल्यापाशी आहेच काय? तेव्हा थैलीची हकीकत निघाली. त्यागराज म्हणाले, उत्सवाचं असेल तर ते रामाचं आहे, ज्याचं आहे तो बघेल. आणि सांगतात की त्या चोरांना पालखीच्या दोन्ही बाजूंनी दोन कोवळे धनुर्धर बाण सोडताना दिसले. चोर पाया पडत आले आणि विचारू लागले, ते दोन राजकुमार कुठं गेले?

चमत्कार बाजूला ठेवायचा असेल तर ठेवा. थैलीकडं बघा. तीही श्रीमंताचीच होती. तिथं त्यांनी मोहरा रस्त्यावर ओतल्या नाहीत. पैसा कुणाचा यापेक्षा तो कशासाठी आणि कुठल्या अटीवर, हे ते बघत होते. रामनवमीच्या पंगतीसाठी असेल तर येऊ दे. माझ्या तोंडून तुझी स्तुती वदवण्यासाठी असेल तर राहू दे. मी माझ्या शिष्यांना एवढंच सांगतो की पाकीट घ्या, मृदंगाचार्याला आधी द्या, पण पाकीट देणाऱ्या पुढाऱ्याचं नाव कीर्तनात अभंगाच्या चरणासारखं घोळवू नका. आजकाल काही ठिकाणी पांडुरंगापेक्षा आमदारसाहेबांचा गजर जास्त होतो. तिथं मला तिरुवैयारू आठवतं.

दक्षिणेत अशीच एक आणखी कथा आहे आणि ती आपल्या गंगेच्या काठची आहे. आपण गोदावरीला गंगाच म्हणतो ना. गंगाखेडहून ते पाणी नांदेडला जातं, पुढं तेलंगणात शिरतं, बासरच्या सरस्वतीला वळसा घालतं आणि खाली भद्राचलमला रामाच्या पायाशी जातं. तिथं सतराव्या शतकात गोपन्ना नावाचा तहसीलदार होता. त्यानं सरकारी वसुलातून रामाचं देऊळ बांधलं, आणि गोवळकोंड्याच्या तानाशहानं त्याला तुरुंगात टाकलं. पुढं सांगतात की राम-लक्ष्मण शिपायांच्या वेषात येऊन बाकी भरून गेले. ऐकल्यासारखं वाटतं ना? मंगळवेढ्याचे दामाजीपंत, आणि विठू महार होऊन गेलेला पांडुरंग! हे गोपन्ना म्हणजे भद्राचल रामदास. त्यागराज यांना फार मानत, आपल्या रचनांतून त्यांचं नाव आदरानं घेत. म्हणजे आपल्या परभणीवरून वाहत गेलेलं पाणी ज्या रामाचे पाय धुतं, त्या रामाच्या भक्ताचा वारसा कावेरीकाठच्या त्यागराजांनी पुढं नेला.

त्यांच्या गाण्याबद्दल थोडं. मी दक्षिणी संगीताचा जाणकार नाही, कीर्तनकाराच्या कानानं सांगतो. त्यांच्या पदाला कृती म्हणतात. आधी पल्लवी, मग अनुपल्लवी, मग चरण. पल्लवी म्हणजे आपलं ध्रुपद समजा, प्रत्येक वेळी तिथं परत यायचं. पण ती एकच ओळ ते पुन्हा पुन्हा घेतात आणि दर वेळी थोडी उलगडतात, नवं वळण देतात. त्याला ते संगती म्हणतात. आम्ही कीर्तनात ध्रुपद घोळवतो, टाळकरी उचलतात, दर उचलीला रंग चढतो, तसंच. फरक एवढा की आमचं त्या त्या रात्री जमेल तसं, त्यांचं घडवून ठेवलेलं. राग ऐकायला परके वाटतील, पण नावं बदलून ओळखीचे आहेत. त्यांची कल्याणी म्हणजे आपला यमन. मोहनम् म्हणजे भूप. हिंदोलम् ऐकलं की मालकंस आठवेल. राजाला नकार देताना गायलेलं पद म्हणजे, आपल्या भाषेत, यमनातलं.

साताठशे पदं आज मिळतात. त्यात मोठ्या कलावंतांनी गायची अवघड पदं आहेत, तशी साध्या भजनी मंडळींसाठीही आहेत. उत्सवसंप्रदाय म्हणून त्यांच्या पदांचा एक संच आहे. देवाला उठवायचं पद, नैवेद्याचं, पाळण्याचं, झोपवायचं, मंगलाचं. म्हणजे आपला काकडा ते शेजारती. मला ही पदं जास्त प्रिय आहेत. पंडितासाठी लिहिणं एक वेळ जमतं, पण गावातल्या बाईला टाळी वाजवत म्हणता येईल असं लिहिणं अवघड.

त्यांच्या पश्चात ही पदं जगली ती शिष्यांनी लिहून ठेवली म्हणून, वालाजापेठ, उमयाळपुरम् आणि तिल्लैस्थानम् इथल्या शिष्यशाखांनी. वालाजापेठचे वेंकटरमण भागवतर तर गुरूच्या मुलीच्या लग्नाला रामाची तसबीर डोक्यावर घेऊन पायी आले होते असं सांगतात.

आणि आपल्या मराठी कीर्तनाचं तिकडं पुढं काय झालं? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर नावाचे कीर्तनकार तंजावरला आले. त्यांची कीर्तनं ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी आपली तमिळ हरिकथा नव्यानं बांधली. पूर्वरंग-उत्तररंगाची आपली घडण, आपल्या साकी, दिंडी, ओवी, आर्या, अभंग, कटाव त्यांनी उचलले. कटावाला ते खड्ग म्हणतात. आणि त्या दिंडी-साकीच्या शेजारी बसवल्या त्यागराजांच्या तेलुगू कृती. मी लहानपणी गुरुजींपाशी आर्या-साकी घोकल्या. आता इकडं नवी पोरं त्या विसरत चालली, पण तमिळनाडूत अजूनही हरिकथेत दिंडी म्हणतात आणि तिला दिंडीच म्हणतात. भजनाला बसले की तुकोबांचे अभंगही म्हणतात. उच्चार थोडे वेगळे असतात. विठ्ठलाला कळतात.

त्यागराज ६ जानेवारी १८४७ ला गेले. पौष वद्य पंचमी होती. शेवटच्या दिवसांत त्यांनी संन्यास घेतला होता, म्हणून दहन नाही, कावेरीच्या काठी समाधी दिली. तेव्हा तंजावरला शेवटचे भोसले राजे गादीवर होते. आठ वर्षांनी ते गेले आणि कंपनीनं गादीही बुडवली.

समाधी पुढं ओस पडली. झुडपं वाढली. शिष्यांच्या शिष्यांनी ती शोधून नीट केली, दरसाल आराधना सुरू झाली, पण तिथंही दोन तट पडले. आणि एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं, ते म्हणजे बायांनी तिथं गायचं नाही. तेव्हा पुढं आली बंगळूर नागरत्नम्मा. जन्मानं देवदासी, गायनानं मोठी कलावंत, हरिकथाही करायची. तिनं आपली कमाई, दागिने सगळं घालून समाधीभोवतीची जागा घेतली आणि १९२५-२६ मध्ये तिथं मंदिर उभं केलं. आपल्याच पैशानं बांधलेल्या मंदिरात आराधनेच्या दिवशी तिला गाऊ देईनात. तर तिनं मागच्या बाजूला बायांची वेगळी आराधना मांडली आणि वर्षानुवर्षं चालवली. १९४० च्या सुमारास सगळे तट एक झाले आणि बाया-पुरुष एकत्र गाऊ लागले.

आपण गंगाखेडच्या जनाबाईंच्या गावचे शेजारी. दासी म्हणून ज्यांना मागं बसवलं त्यांनीच देवाचं घर झाडून स्वच्छ ठेवलं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. पण जरा मोजा. राजाच्या नजराण्यानं त्यागराजांचं स्मारक झालं नाही. मुदलियारांच्या थैलीनंही नाही. झालं ते एका गाणाऱ्या बाईच्या दागिन्यांनी, आणि तिनं अट एकच घातली, मला गाऊ द्या.

मानवत, पाथरी, सेलूकडून रामेश्वरच्या यात्रेच्या गाड्या जातात. तंजावरला बृहदीश्वरापाशी थांबतात, तासाभरात दर्शन, चहा, की पुढं निघाल्या. या खेपेला आधीच ठरवून ठेवा. बृहदीश्वरात गेलात की भिंतीवरचा मराठी लेख पाहा, म्हाताऱ्यांना वाचून दाखवा. मग ड्रायव्हरला सांगा, तिरुवैयारूला जायचंय, अर्ध्या तासाची वाट आहे. पौष वद्य पंचमी साधता आली तर फारच उत्तम. त्या दिवशी शेकडो गायक-वादक समाधीपुढं मांडी घालून बसतात आणि नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतली पंचरत्नं एका आवाजात गातात. दिवस नाही साधला तरी हरकत नाही, काठावर बसून एक अभंग म्हणा, कुणी उठवायचं नाही. समाधीचं दर्शन झालं की लगेच वळू नका. तिच्या समोर एक लहान समाधी आहे, ती नागरत्नम्मांची, त्या १९५२ ला गेल्या. बरेच लोक पाहत नाहीत, तशीच चुकवून जातात. तिथंही फूल ठेवा.